ज्याच्या नावे वॉरंट, त्यालाच खबर नाही

सोलापूरच्या कोर्टातून आज कोणाकोणावर वॉरंट निघालं, याची यादी कुठे बघायला मिळते? कुठेच नाही. कोर्टाच्या फलकावर नाही, पोलीस आयुक्तालयात नाही, मोबाइलवरही नाही. न्यायाधीशांनी सही केली, लिपिकाने शिक्का मारला, रजिस्टरात नोंद झाली, कागद पोलीस ठाण्याच्या समन्स-वॉरंट टेबलावर पोचला. एवढ्या लोकांना ठाऊक झालं. ज्याला धरून आणायचं आहे तो मात्र अशोक चौकात चहा पीत उभा असतो, आणि त्याला काहीच माहीत नसतं.

मला याचा राग येतो. खून करून पळालेल्याला कोर्टाने आधी वर्दी द्यावी, असं मी म्हणत नाही. मी बोलतोय ते तारीख चुकलेल्यांबद्दल. चेक न वटल्याचा खटला, पोटगीची थकबाकी, भावकीतली मारामारी, दहा वर्षांपूर्वीचा रास्ता रोको. असल्या प्रकरणांत माणूस पळालेला नसतो. तो पत्ता बदलून दुसरीकडे राहायला गेलेला असतो, नाहीतर वकिलाने तारीख कळवलेली नसते, नाहीतर त्या दिवशी कारखान्याने सुट्टी दिलेली नसते. कोर्टात तीनदा पुकारा होतो, कोणी उठत नाही, आणि रोजनाम्यात एक ओळ पडते: आरोपी गैरहजर, वॉरंट काढावे.

सोलापुरात पत्ता बदलणं ही किती मोठी गोष्ट आहे ते बघा. पूर्वभागातल्या भाड्याच्या खोल्यांत पिढ्या काढलेली विडी कामगार कुटुंबं कुंभारीला गेली. कामगार नेते आडम मास्तर यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं गोदूताई परुळेकर विडी घरकुल, दहा हजार घरं, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. मग रे नगर, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते मिळाल्या. देशात असंघटित कामगारांनी अशी वसाहत उभारल्याचं उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि या शहराने त्याचा अभिमान धरावा तेवढा थोडाच आहे. पण कोर्टाच्या कागदावर त्या घरातल्या माणसाचा पत्ता अजून जुन्या पेठेतल्या खोलीचाच असेल तर? जेलरोडचा किंवा जोडभावी पेठेचा पोलीस जुन्या दारावर जातो. तिथे दुसरंच बिऱ्हाड. तो शेरा मारतो, ‘सदर पत्त्यावर मिळून आला नाही’, आणि परततो. माणूस दहा-बारा किलोमीटरवर स्वतःच्या घरात झोपलेला असतो. फक्त तो आता शहर आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, वळसंग पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहतो. घर मिळालं, नाव लागलं, घरपट्टीची पावती आली. कोर्टाला पत्ता कळवायचा असतो हे मात्र चावी देताना कोणी सांगितलं नाही.

नवा कायदा आला तेव्हा यातल्या काही गोष्टी सुधारल्या, हे कबूल केलं पाहिजे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पूर्वी माणूस घरी नसेल तर समन्स घरातल्या प्रौढ पुरुषाकडेच देता येत असे. म्हणजे नवरा भिवंडीला मागावर, आणि दारात उभ्या बायकोच्या हाती कागद द्यायची कायद्यात सोय नाही! आता घरातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येतं. समन्स मोबाइलवर पाठवायची सोय आली. ज्यांना समन्स जायचं त्यांचे पत्ते, फोन नंबर, ईमेल यांची नोंदवही पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात ठेवावी, असंही संहितेत आलं. चांगलं आहे. पण ती नोंदवही माणूस स्वतःचा पत्ता सांगायला येईल तेव्हाच भरते, आणि तो येण्यासाठी त्याला हे ठाऊक हवं.

आता वॉरंटाचं म्हणाल तर, जुन्या संहितेचं कलम 70 आणि नव्याचं कलम 72 एकच गोष्ट सांगतं: वॉरंट बजावलं जाईपर्यंत, किंवा ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट ते रद्द करेपर्यंत, ते जिवंत राहतं. त्याला मुदत नाही. पाच वर्षं कोणी आलं नाही म्हणजे ते संपलं, असं समजून बसलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. आरोपी सापडतच नसेल तर आपल्या राज्यात कोर्ट तो खटला ‘डॉर्मंट फाइल’ला टाकतं, म्हणजे नेहमीच्या बोर्डावरून तो खाली उतरतो. फाइल झोपते, वॉरंट झोपत नाही. कोर्टाने एखाद्याला फरार जाहीर केलं तर पुढे मालमत्ता जप्तीपर्यंत मजल जाते, आणि नव्या संहितेत दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फरार घोषित झालेल्याच्या पाठीमागे खटला चालवायचीही तरतूद आली आहे.

वॉरंट दोन जातींचं. जामीनपात्र वॉरंट असलं तर त्या कागदावरच लिहिलेलं असतं की इतक्या रकमेचा मुचलका, इतके जामीनदार घेऊन याला सोडा आणि अमुक तारखेला हजर राहायला सांगा. पोलीसच ते घेऊन सोडतात. अजामीनपात्र, ज्याला आपल्याकडे पकड वॉरंट म्हणतात, ते निघालं की पोलिसांना सोडायचा अधिकार नाही, कोर्टापुढेच न्यावं लागतं. इथे एक घोळ सगळ्यांचा होतो. चेक न वटल्याचा गुन्हा जामीनपात्र आहे, तरी त्यात पकड वॉरंट निघू शकतं. गुन्हा कोणता, यावर ते ठरत नाही. तुम्ही कोर्टाला किती वेळा तोंड दाखवलं नाही, यावर ठरतं. आणि उलटही खरं: पकड वॉरंटाचा अर्थ तुरुंग असा होत नाही. कोर्टापुढे उभं राहिल्यावर न्यायाधीश वॉरंट रद्द करू शकतात, दंड करू शकतात, नवा मुचलका मागू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात स्पष्ट सांगितलं की माणसाचं स्वातंत्र्य मौल्यवान आहे, म्हणून खासगी फिर्यादीच्या खटल्यांत आधी समन्स, तेवढ्याने भागलं नाही तर जामीनपात्र वॉरंट, आणि माणूस मुद्दाम टाळतो आहे अशी कोर्टाची खात्री झाली तरच अजामीनपात्र. ‘मिळून आला नाही’ म्हणजे ‘टाळतो आहे’ नव्हे. हा फरक ज्या टेबलावर पुसला जातो, तिथून पुढे सगळा त्रास सुरू होतो.

मग बघायचं कसं?

यादी नसली तरी खटला दिसतो. ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप दोन्ही फुकट आहेत. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन आकडे कोर्टाचे, सहा खटल्याचे, शेवटचे चार वर्षाचे. तो हाती असेल तर एका मिनिटात खटल्याचं पान उघडतं. नसेल तर महाराष्ट्र, सोलापूर, मग कोर्टाचं संकुल निवडा. सोलापूर वेगळं, बार्शी वेगळं, पंढरपूर वेगळं, अक्कलकोट, सांगोला, करमाळा, माढा वेगळे. इथेच अर्धे लोक चुकतात, शहरात शोधतात आणि खटला असतो मोहोळला. नावाने शोधता येतं, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर घालून शोधता येतं, वकिलाच्या नावानेही येतं.

नावाने शोधताना पूर्वभागातल्या माणसाची फार दमछाक होते. नोंद इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आडनाव तेलुगू, लिहून घेणारा मराठी. एकच आडनाव फिर्यादीत एका स्पेलिंगने, दोषारोपपत्रात दुसऱ्या, आधार कार्डावर तिसऱ्या. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. पहिली तीन-चार अक्षरं टाका, वर्ष बदलत जा, आणि आडनाव, नाव, वडिलांचं नाव यांची अदलाबदल करून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पोलीस दारात येण्यापेक्षा बरं.

पान उघडलं की तीन गोष्टी वाचा: पुढची तारीख, खटल्याचा टप्पा, आणि मागच्या तारखांना काय झालं त्याची नोंद. टप्प्याच्या रकान्यात समन्स किंवा वॉरंट असा उल्लेख आला, किंवा मागच्या तारखेच्या कामकाजात तसं दिसलं, तर समजून घ्या. पण काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. नोंद भरायला उशीर होतो, कधी त्रोटक असते, आणि वॉरंटाचा कागद तिथे लावलेला नसतो. वॉरंट आजही चालू आहे की रद्द झालं, हे सांगणारा सरळ रकाना त्या पानावर नाही. माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं हेच.

म्हणून दुसरी पायरी कोर्टाची. खरं काय ते रोजनाम्यात असतं. वकिलामार्फत फाइल बघता येते, अर्ज करून रोजनाम्याची नक्कल काढता येते. वकील नसेल तर त्या कोर्टाच्या लिपिकाला खटल्याचा नंबर सांगून पुढची तारीख तरी विचारता येते, ती सांगण्यात गुपित काही नाही. तिसरी पायरी पोलीस ठाण्याची. तिथे समन्स-वॉरंटाचं काम बघणारा अंमलदार असतो, त्याच्याकडे रजिस्टर असतं. तिथे जायला लोक घाबरतात आणि ते मला समजतं, कारण वॉरंट हातात असताना तुम्हाला बसवून घेणं हेच त्याचं काम आहे. तेव्हा क्रम असा धरा: आधी मोबाइल, मग वकील, मग कोर्ट. पोलीस ठाण्यात एकट्याने जाऊ नका. आणि कोर्टाच्या आवारात कोणी ‘वॉरंट दाबून ठेवतो, इतके द्या’ म्हणाला तर त्याच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका. वॉरंट दाबता येत नाही. दाबलेलं वॉरंट पुढच्या तारखेला पुन्हा निघतं आणि तुमची बाजू आणखी पडते.

वॉरंटाचा कागद कसा असावा, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्याने देशाला शिकवलं. मुंबईतल्या एका वकिलावर निघालेलं पकड वॉरंट कोर्टाने रद्द केलं होतं. तरीही 2002 साली, ऐन 15 ऑगस्टला, पोलिसांनी त्याच वॉरंटावर त्यांना अटक केली. सुट्टीचा दिवस, कोर्टं बंद. वकील माणूस, कायदा जाणणारा, आणि त्याचं हे झालं! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दोन हजार रुपये द्यायला सांगितले. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2011 साली भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. दोन हजारांनी एका दिवसाची अब्रू भरून येत नाही, हे माझं मत. पण त्या निकालाने सगळ्या उच्च न्यायालयांना घालून दिलेली शिस्त सोन्यासारखी आहे. वॉरंट छापील, क्रमांक असलेल्या नमुन्यावरच काढावं. खटल्याचा पूर्ण तपशील त्यावर असावा. न्यायाधीशांची सही पूर्ण आणि वाचता येईल अशी असावी, कोर्टाचा शिक्का स्पष्ट असावा. कोणत्या पोलीस अधिकाऱ्याने ते बजावायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत परत करायचं, हे लिहिलेलं असावं. कोर्टात रजिस्टर, पोलीस ठाण्यातही रजिस्टर, आणि नोंद केल्याशिवाय एकही वॉरंट बाहेर पडू नये. वॉरंट रद्द झालं की ते न बजावता ताबडतोब परत मागवावं, आणि रद्दच्या आदेशाची प्रत आरोपीला द्यावी.

शेवटचं वाक्य सोलापूरच्या प्रत्येक आरोपीने, पंचाने, साक्षीदाराने घरात लावून ठेवावं. वॉरंट रद्द झालं, वकील म्हणाले ‘झालं, जा आता’, आणि आपण हात जोडून बाहेर पडतो. थांबा. प्रत मागा. कोर्टातून पोलीस ठाण्याला कागद जाईपर्यंत ठाण्याच्या रजिस्टरात तुम्ही हवे असलेलेच असता. ती प्रत खिशात, तिचा फोटो मोबाइलमध्ये, आणि एक झेरॉक्स स्वतः ठाण्यात देऊन पोच घ्यावी. गाडीचं लायसन्स जवळ ठेवता ना, तसं हेही.

वॉरंट अंगावर आलं तर? पोलिसाने त्यात काय आहे ते सांगितलं पाहिजे, आणि मागितलं तर कागद दाखवला पाहिजे. आरडाओरडा करू नका, वाचून घ्या: नाव तुमचंच आहे का, बापाचं नाव बरोबर आहे का, कोर्ट कोणतं, खटला नंबर कोणता. एकाच नावाची चार माणसं असलेल्या गल्लीत हे फार महत्त्वाचं आहे. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलंच पाहिजे. घरच्यांना कळवायचा हक्क आहे. बाईमाणसाला सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत अटक करता येत नाही, अगदीच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आधीच्या परवानगीने. वॉरंट देशभर चालतं, तेव्हा विजयपुराला किंवा पुण्याला गेलो म्हणजे सुटलो, असं नाही. पण जिल्ह्याबाहेर पकडलं, आणि वॉरंट काढणारं कोर्ट तीस किलोमीटरच्या आत किंवा सगळ्यात जवळचं नसेल, तर पोलिसांनी आधी तिथल्याच दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पोलीस अधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. वॉरंट जामीनपात्र असेल तर तिथेच जामीन देऊन सुटता येतं. हडपसरला काम करणाऱ्या आपल्या पोरांना हे माहीत असायला हवं.

तरी सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे स्वतःहून जाणं. कळलं की सकाळी अकराच्या आत कोर्टात, वकिलासोबत, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज घेऊन. गैरहजेरीचं कारण खरं सांगा आणि पुरावा जोडा: दवाखान्याचे कागद, बदललेल्या पत्त्याची घरपट्टी. स्वतःहून आलेल्याकडे आणि धरून आणलेल्याकडे कोर्ट एकाच नजरेने बघत नाही. राज ठाकरे 2008 सालच्या प्रकरणात निघालेल्या वॉरंटासाठी जानेवारी 2023 मध्ये परळीच्या कोर्टात स्वतः हजर झाले, आणि वॉरंट रद्द झालं. मोठ्या माणसाला जो रस्ता मिळाला तोच कायद्याने कुंभारीच्या बाईलाही आहे. फरक इतकाच की त्यांना वॉरंटाची बातमी सगळ्या वाहिन्या सांगतात आणि मागे वकिलांची फळी असते. तिला सांगणारं कोणी नाही. आणि खालच्या कोर्टाने ऐकलं नाही तर वरची दारं आहेतच. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर त्याच्याकडे आहे. हायकोर्टासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

येता येणार नसेल तर आधी कळवा. एका दिवसापुरता हजेरी माफीचा अर्ज वकील देऊ शकतो. किरकोळ प्रकरणात कायमची सूट मागता येते, वकील तुमच्या वतीने हजर राहतो. या दोन अर्जांनी कितीतरी वॉरंटं निघायच्या आधीच थांबतील. आणि जामीनदाराचा विचार करा. ज्या शेजाऱ्याने तुमच्यासाठी सातबारा किंवा घरपट्टी पुढे केली, तुम्ही गैरहजर राहिलात तर नोटीस त्यालाही येते.

पैसे नाहीत, वकील कुठून आणू? विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, औद्योगिक कामगारांना, अपंगांना, कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. विडी वळणाऱ्या बाईला स्त्री म्हणूनच तो मिळतो, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला खेटे घालायची गरज नाही. जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाशीच जोडलेलं असतं, आणि 15100 ही मदतवाहिनी आहे.

साक्षीदारांची कथा थोडक्यात. पंचनाम्यावर सही करायला कोणाला उभं करतात? रस्त्यावरचा पानवाला, रिक्षावाला, शेजारचा दुकानदार. दहा वर्षांनी खटला उभा राहतो, समन्स जुन्या दुकानाच्या पत्त्यावर जातं, आणि ज्याने पोलिसांना मदत केली त्याच्याच नावे वॉरंट निघतं. लोक पंच व्हायला का नाही म्हणतात, हे पोलिसांनी विचारू नये. सही घेताना त्याचा मोबाइल नंबर नीट घ्यावा, खटला लागला की फोन करावा. कोर्टाने भत्ता द्यावा आणि त्याच दिवशी साक्ष संपवावी.

खरं वॉरंट आपल्यापासून लपलेलं राहतं आणि खोटं वॉरंट मात्र थेट मोबाइलवर येतं. व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभाचा शिक्का, सर्वोच्च न्यायालयाचं नाव, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोली सोडू नका, पैसे भरा’. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं की कायद्यात असली कुठलीही अटक नाही. पेन्शनवर जगणारी शिक्षक माणसं यात आयुष्याची पुंजी घालवतात, कारण खरं वॉरंट कसं असतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. पक्कं ध्यानात ठेवा: अटक व्हिडिओवर होत नाही, जामीन पोलिसांच्या खात्यात भरत नाहीत, आणि खऱ्या वॉरंटामागे सहसा एक खटला असतो, त्याला नंबर असतो, तो ई-कोर्ट्सवर पडताळता येतो. नंबर मागा. पलीकडचा गडबडतो. पैसे गेले असतील तर तासाभरात 1930 या सायबर मदतवाहिनीवर फोन करा. हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागणार नाही. आपल्या शहराने मार्शल लॉ भोगला ते साल हेच.

आता मागणी. पहिल्याच ओळीत मी यादी मागितली, पण गावभर वाचता येईल अशी यादी मला नको. अमेरिकेतल्या कित्येक परगण्यांत वॉरंट निघालेल्यांची नावं कोणालाही शोधता येतात. इथे तसं केलं तर पहिल्या दिवशी घरमालक बघेल, दुसऱ्या दिवशी मुकादम, तिसऱ्या दिवशी सोयरीक जुळवणारे. तारीख चुकलेल्या माणसाची खोली, काम आणि पोरीचं लग्न तिन्ही जातील, आणि खटल्यात तो निर्दोषही सुटेल. मला हवं आहे ते एवढंच, की ज्याच्या नावे वॉरंट त्याला कळावं. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले. समन्स बजावणाऱ्या बेलिफाच्या मोबाइलवर ठिकाणासकट नोंद करणारी यंत्रणा तयार आहे, तारखेचा एसएमएस पाठवायची सोय आहे. मग खटल्यात नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी टाकून आरोपीला त्याच्यापुरतं बघता यावं: वॉरंट निघालं आहे, जामीनपात्र की अजामीनपात्र, कोणत्या तारखेचं, रद्द झालं असेल तर कधी. मराठीत. पळून जाणाऱ्यांची भीती असेल तर गंभीर गुन्हे यातून वगळा. चेक, पोटगी, आंदोलनं आणि किरकोळ मारामाऱ्या यांना उघडं करा. कोर्टात हजर झालेल्यांची गर्दी वाढली, तर ते कोर्टाला हवंच आहे.

आणि संगणकाची वाट न बघता होण्यासारखं एक काम सोलापुरात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने महिन्यातून एक रविवार कुंभारीला टेबल टाकावं, विडी घरकुलात एकदा, रे नगरात एकदा. एक वकील, एक लॅपटॉप, आणि तेलुगू बोलणारा एक विधी स्वयंसेवक. येईल त्याचं नाव चार स्पेलिंगने शोधावं, खटला निघाला तर नवा पत्ता आणि मोबाइल नंबर कोर्टात कळवायचा अर्ज तिथेच लिहून घ्यावा. वॉरंट असेल तर वकीलपत्रावर सही घ्यावी, आणि सोमवारी सकाळी अकराच्या आत ती बाई आणि तिचा वकील दोघं कोर्टात उभे असावेत.